राष्ट्रपतींची सही



दिवसभर यवतमाळचे ऊन सोसून संध्याकाळी राज्यघटनेवरचे व्याख्यान ऐकावयास येणे हे काही सोपे काम नव्हे. तरी आपण आलात. कार्यवाहांनी हा विषय सुचविला तेव्हा आम्हीच दोन दिवस टाळाटाळ केली होती, कारण विषय रुक्ष आहे आणि कलमांची नावे घेतली की श्रोता घड्याळाकडे पाहू लागतो, हा आमचा जुना अनुभव आहे. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि आम्ही होकार दिला.

आमच्या परिचयाचे एक कास्तकार आहेत, दारव्ह्याकडचे. बोंडअळीने पराटी गेली त्या साली त्यांनी गावातल्या दहाबारा जणांच्या सह्या घेऊन एक निवेदन केले. वर लिहिले, ‘मा. राष्ट्रपती, भारत सरकार, मार्फत मा. जिल्हाधिकारी, यवतमाळ’. अशी निवेदने आपल्या जिल्हाकचेरीत मोर्चामागून मोर्चा येऊन देतो, हे आपण सर्व जाणता. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आले की, आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठविण्यात आले आहे. ते पत्र घेऊन हे गृहस्थ आमच्याकडे आले आणि म्हणाले, “भाऊ, देशातला सगळ्यात मोठा माणूस हाय ना तो? मंग त्यानं माहा कागद मुंबईले काहून पाठवला? तिकडं अमेरिकेचा अध्यक्ष एक सही करते अन् इकडं कापसाचा भाव हालते. आपल्याच सहीले काय झालं?”

आम्ही त्यांना चहा दिला. उत्तर मात्र त्या दिवशी नीट देता आले नाही. ते आज देण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रथम शब्दांचा एक गुंता सोडवून घेऊ. इंग्रजीत अमेरिकेचा प्रमुखही ‘प्रेसिडेंट’ आणि आपलाही ‘प्रेसिडेंट’. मराठी वर्तमानपत्रांनी मात्र शहाणपणाने दोन शब्द ठेवले आहेत. परक्या देशाचा तो राष्ट्राध्यक्ष, आपला तो राष्ट्रपती. यात ‘राष्ट्रपती’ हा शब्द प्रजासत्ताकापेक्षा जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणण्याची चाल होती. १९३३ साली काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद आपल्या जिल्ह्यातल्या वणीचे माधव श्रीहरि अणे यांच्याकडे आले होते. म्हणजे त्या काळच्या बोलीत हंगामी का होईना, एक राष्ट्रपती याच मातीने दिला असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय या गावात आहे. लोकनायक बापूजींची गाठ आज आपल्याला वाटेत पुन्हा पडणार आहे, म्हणून आधीच नाव घेतले.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेच्या घटनेचे दुसरे कलम उघडले तर पहिलेच वाक्य असे की, कार्यकारी सत्ता अध्यक्षाच्या ठायी राहील. आपल्या घटनेचे ५३ वे कलम उघडले तर तेथेही संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी राहील असेच लिहिले आहे. वाक्ये जवळजवळ सख्खी बहिणी. आपले राष्ट्रपती तिन्ही सेनादलांचे सरसेनापती, तसा तोही. येथे कायदा राष्ट्रपतींच्या सहीने होतो, तेथे अध्यक्षाच्या. नुसती अधिकारांची यादी वाचणाऱ्या परदेशी माणसाला वाटेल की दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये सारख्याच वजनाची माणसे बसली आहेत.

तेव्हा यादी वाचून हा हिशेब सुटत नाही. आम्ही दोन साधे प्रश्न विचारतो. सही करणाऱ्यापुढे कागद कोण आणून ठेवतो? आणि तो ‘नाही’ म्हणाला, तर पुढे काय होते?

अमेरिकेत कागद अध्यक्षाचा स्वतःचा असतो. त्याचे मंत्री त्याने नेमलेले नोकर. त्यांचा सल्ला त्याने ऐकावा असे बंधन नाही, आणि ते कायदेमंडळाचे सभासदही नसतात. तो ‘नाही’ म्हणाला तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते जमवल्याखेरीज विधेयक पुढे सरकत नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट बारा वर्षे अध्यक्ष होते. त्यांनी ६३५ विधेयके नाकारली आणि त्यांतली अवघी ९ काँग्रेसला त्यांच्या डोक्यावरून मंजूर करता आली. त्याला चार वर्षे हलविणेही महाकठीण. महाभियोग चालले, पण सिनेटने दोषी ठरवून आजवर एकाही अध्यक्षाला घालविलेले नाही. निक्सन गेले ते १९७४ साली स्वतः राजीनामा देऊन.

पण म्हणून तो बादशहा नव्हे. त्यालाही ‘नाही’ ऐकावे लागते. वुड्रो विल्सन यांनी पॅरिसला महिनोन्महिने बसून व्हर्सायचा तह केला, राष्ट्रसंघ उभा केला, आणि घरी आल्यावर त्यांच्याच सिनेटने तो तह फेटाळला. १९५२ साली कोरियाचे युद्ध चालू असता ट्रूमन यांनी संपाच्या भीतीने पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले; दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हा अधिकार तुम्हांला नाही, आणि ट्रूमन यांनी कारखाने परत केले. आमचे दारव्ह्याचे मित्र ज्या कापसाच्या भावाबद्दल बोलत होते, तो आयातकराचा अधिकार घटनेने मुळात काँग्रेसलाच दिला आहे. तिने वेळोवेळी कायदे करून त्यातला काही अध्यक्षाला उसना दिला. उसने किती दिले आणि तो वापरतो किती, यावर तेथे तंटे होतात.

फ्रान्सची गोष्ट याहून मनोरंजक आहे. जनरल द गॉल यांनी १९५८ साली नवी घटना करून घेतली आणि १९६२ साली अध्यक्षाची निवड थेट जनतेकडे नेली. अध्यक्ष बलवान, पण बाजूला पार्लमेंटला जबाबदार असा पंतप्रधानही. हे बलवान अध्यक्षपद लोकशाहीला घातक आहे, असे पुस्तक लिहून मितराँ यांनी टीका केली, आणि १९८१ साली स्वतः त्या खुर्चीवर बसल्यावर तिचे सर्व अधिकार मोठ्या समाधानाने वापरले. खुर्चीचा गुणच तो! पुढे १९८६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीत विरुद्ध पक्ष आला आणि त्यांना शिराक यांना पंतप्रधान करावे लागले. घटना तीच, माणूस तोच, आणि एका निवडणुकीने देशाचा अंतर्गत कारभार त्यांच्या हातून शिराक यांच्याकडे गेला. घटनेतले एक अक्षरही बदलले नव्हते. कागद आणणारा बदलला होता. जर्मनांनी तर १९४९ साली अध्यक्षाला मुद्दामच दुबळे करून ठेवले, कारण आणीबाणीच्या अधिकाराने राज्य चालविणाऱ्या हिंडेनबुर्ग यांच्या सहीनेच १९३३ साली हिटलर चॅन्सेलर झाला, हे ते विसरू शकत नव्हते.

असो. युरोपातून आता वणीकडे येऊ. या प्रश्नाचे जितके नमुने बापूजी अण्यांनी एका आयुष्यात जवळून पाहिले, तितके फार थोड्यांनी पाहिले असतील. १९३० साली पुसदला जंगलचा कायदा मोडून तुरुंगात गेलेला हा मनुष्य १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सभासद झाला. अनेकांना ते रुचले नाही. तेथे त्यांनी काय पाहिले? मंडळात हिंदी सभासद बहुसंख्य होते, सल्ला देण्याचा मान होता. पण कागद लंडनहून येत होता, आणि प्रसंग पडला तर बहुमत बाजूला सारण्याचा अधिकार व्हाइसरॉयच्या हाती होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. महात्माजींना सोडावे असे म्हणणाऱ्यांचे सरकारने ऐकले नाही, तेव्हा अणे, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. सल्ला न ऐकणाऱ्या सत्ताधीशाच्या घरी सल्लागाराजवळ उरते ते एवढेच एक हत्यार.

तेथून ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. त्या बेटाची पुढची कथा आमच्या विषयात चपखल बसते. १९७२ साली श्रीलंका प्रजासत्ताक झाले तेव्हा त्यांचा राष्ट्राध्यक्ष आपल्यासारखाच सहीपुरता होता. १९७८ साली पंतप्रधान जयवर्धने यांनी घटना बदलून सारा कारभार अध्यक्षाच्या हाती दिला आणि स्वतः ते पद घेतले. तेव्हापासून ते पद कमी करण्याच्या गोष्टी चालू आहेत. १९९४ साली चंद्रिका कुमारतुंगा ते रद्द करण्याचे वचन देऊन निवडून आल्या आणि दोन मुदती त्याच खुर्चीवर राहिल्या. २००१ साली अधिकार छाटले, २०१० साली वाढविले, २०१५ साली पुन्हा छाटले, २०२० साली पुन्हा वाढविले. २०२२ साली लोक प्रासादात शिरले आणि गोटबाया राजपक्षे देश सोडून गेले, तेव्हा त्याच वर्षी आणखी एकदा छाटले. भिंतीला पोचारा द्यावा तशा घटनादुरुस्त्या झाल्या. एका माणसाच्या हाती एकवटलेली सत्ता परत घेणे किती अवघड असते, याचा शेजारधर्माने मिळालेला हा धडा आहे.

आपल्या घटना समितीतही अमेरिकन पद्धतीचे पुरस्कर्ते होते. प्रा. के. टी. शहा यांनी तशी सूचना मांडली होती, ती फेटाळली गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार स्पष्ट शब्दांत सांगितले की, नाव अमेरिकेचे असले तरी स्थान इंग्लंडच्या राजाचे आहे. राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नव्हे. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आहे, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक आहे, दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत, आणि मसुद्याने जबाबदारीला अधिक मान दिला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकेत कारभाराचा हिशेब मुख्यतः चार वर्षांनी निवडणुकीत होतो. येथे प्रश्नोत्तरे, ठराव, चर्चा यांतून रोज होतो. या भेदावरून विदर्भातही वाद झाला आहे. अकोला आणि वर्धा येथून लोकसभेवर गेलेले वसंतराव साठे यांनी पुढे अनेक वर्षे अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. मते पटोत न पटोत, प्रश्न अभ्यासून मांडणारे लोक होते ते.

एवढे सांगूनही घटनेत एक फट राहिली होती. ७४ व्या कलमाने मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना सल्ला देईल असे म्हटले. राष्ट्रपतींनी तो मानलाच पाहिजे असे शब्द घातले नाहीत. आणि पहिलेच राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद हे स्वतः घटना समितीचे अध्यक्ष, नामांकित वकील. नुसते शिक्क्यावरचे चित्र होऊन राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. बिहारच्या जमीनदारी नष्ट करणाऱ्या विधेयकाविषयी १९५० साली त्यांना शंका होत्या; अखेर त्यांनी संमती दिली. ते विधेयक पाटण्याहून दिल्लीला गेले तेव्हा बिहारचे राज्यपाल कोण होते? आपले बापूजी अणे. बिहारचा राष्ट्रपती दिल्लीत, वऱ्हाडचा राज्यपाल पाटण्यात, आणि दोघांपुढेही तोच नियम, की सल्ला लोकनियुक्त मंत्र्यांचा. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदु कोड बिलाच्या वेळी तर राजेंद्रबाबूंनी नेहरूंना कळविले की, या बाबतीत आपण स्वतःच्या विचाराने वागू इच्छितो. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांनीही सांगितले, राष्ट्रपतींना तसे करता येणार नाही. बिल रखडले, त्याच महिन्यात बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याचे तुकडे कायदे म्हणून आले, तेव्हा त्यांवर सह्या राजेंद्रबाबूंच्याच होत्या. तरी १९६० साली विधिसंस्थेच्या समारंभात त्यांनी हा प्रश्न विद्वानांनी अभ्यासावा असे पुन्हा जाहीरपणे म्हटलेच. १९७४ साली शमशेर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला बंधनकारक म्हटला, आणि ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली तो शब्द घटनेतच घातला.

येथे कोणी म्हणेल, मग बरे झाले, वाद संपला. वाद संपला, पण धोका दुसऱ्या दाराने आत आला होता. २५ जून १९७५ ची रात्र आठवा. पंतप्रधान इंदिरा गांधींचे पत्र राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेले. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्यास आज रात्री वेळ नाही, म्हणून कामकाज नियमांतील १२ व्या नियमाने आपण ती अट बाजूस ठेवीत आहोत, असा त्या पत्राचा आशय. मध्यरात्रीपूर्वी सही झाली. मंत्रिमंडळ बसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, झालेल्या गोष्टीला मान डोलवावयास. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे ते राष्ट्रपती मंत्रिमंडळाचा सल्ला तयार होण्यापूर्वीच सही करून मोकळे झाले होते. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दोन उपाय केले. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करू नये, आणि कोणताही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत धाडण्याची त्यांना मुभा असावी. परत तोच आला तर मात्र सही.

पण लेखी निर्णयाची अट ३५२ व्या कलमाला लावली. राज्यातील राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ व्या कलमाला ती लावली नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्याचा प्रत्यय महाराष्ट्राला आला आहे. आपल्या राज्यात राष्ट्रपती राजवट १९८०, २०१४ आणि २०१९ साली लागली. यातली तिसरी १२ नोव्हेंबर २०१९ रोजी लागली आणि २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता, त्याच १२ व्या नियमाने. राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची सही झाली, सकाळी आठच्या सुमारास मुंबईत शपथविधी झाला, आणि यवतमाळातल्या लोकांना चहाबरोबर ही बातमी मिळाली. तीन दिवसांनी ते सरकार राजीनामा देऊन गेले. कोणता पक्ष बरोबर आणि कोणता चूक, हा या व्यासपीठाचा विषय नाही. आमचा प्रश्न एवढाच की, परत पाठविण्याचा जो एक अधिकार राष्ट्रपतींजवळ आहे, तो वापरावयाला सूर्य उगवेपर्यंत तरी अवधी असावा की नसावा? आमच्या मते असावा.

तो अधिकार पोकळ नाही, हे के. आर. नारायणन यांनी दाखविले. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला त्यांनी परत पाठविला आणि गुजराल मंत्रिमंडळाने तो सोडून दिला. पुढल्या वर्षी बिहारविषयीचा सल्लाही त्यांनी परत केला. काही महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा सही केली. डॉ. कलाम यांनी २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक संसदेला परत धाडले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि त्यांनी सही दिली. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६ साली टपाल विधेयकाचे याहून निराळे केले. ते परतही केले नाही आणि सहीही केली नाही, नुसते ठेवून दिले! घटनेत मुदत लिहिलेली नाही. आपल्या तालुका कचेरीत ही विद्या पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून श्रोत्यांना हसू येत असावे. पण लोकांची पत्रे उघडण्याचा सरकारला अधिकार देणारे ते विधेयक त्यामुळे कायदा झाले नाही.

आता आपल्या घराकडे. २००७ ते २०१२ या काळात शेजारच्या अमरावतीच्या सून प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या. त्या काळी या जिल्ह्यातून किती आशेने निवेदने गेली असतील, हे सांगावयास नको. परंतु विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते ते १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंगांनी, आणि २००८ ची कर्जमाफी अर्थमंत्र्यांच्या अंदाजपत्रकात आली. संसदेपुढे राष्ट्रपती ‘माझे सरकार’ म्हणून जे भाषण वाचतात, तेही त्या सरकारनेच लिहून दिलेले असते. ताईंच्या जागी आणखी कोणी असते तरी यात फरक पडता ना.

मात्र राष्ट्रपतींचे नाव आणि यवतमाळचे शेत यांची गाठ घटनेत एका ठिकाणी पडली आहे. कलम ३७१, पोटकलम २. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे स्थापण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आदेशाने राज्यपालांवर टाकू शकतात, असे ते म्हणते. ही तरतूद १९५६ सालापासून घटनेत होती. विधिमंडळाने १९८४ साली मागणीचा ठराव केला. राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांचा आदेश निघाला १९९४ च्या मार्चमध्ये. म्हणजे तरतुदीपासून आदेशापर्यंत अडतीस वर्षे, आणि ठरावापासून दहा. या काळात राष्ट्रपतिभवनात अनेक माणसे येऊन गेली. त्यांपैकी कोणालाही आपल्या मनाने हा आदेश काढता आला नसता, कारण कागद मंत्रिमंडळाने आणावयाचा होता आणि मंत्रिमंडळाने तो आणला नव्हता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याची विनंती केंद्राला करण्याचे ठरविले.

हे सर्व आम्ही दारव्ह्याच्या त्या मित्रांना पुढच्या भेटीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “मंग भाऊ, कागदावर नाव कोनाचं टाकू?” आम्ही म्हटले, भरपाईसाठी पहिली प्रत मुंबईच्या मंत्र्यांना, दुसरी आपल्या आमदारांना, विकास मंडळासाठी खासदारांना आणि दिल्लीच्या गृहखात्याला. त्यांनी नावे लिहून घेतली, थोडे थांबले, आणि राष्ट्रपतींचे नाव खोडले नाही. शेवटी एक प्रत त्यांनाही ठेवली. आम्हीही आग्रह धरला नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे. पुढे प्रश्नोत्तरांचा अर्धा तास आहे, आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ ३७१ व्या कलमाची प्रत हातात घेऊनच आलेले दिसतात. त्यांना आधी बोलू द्यावे, ही विनंती.